मुंबईत रात्री हिंडायला निघण्यापूर्वी

मुंबईत रात्री हिंडायला बाहेर पडायचे असेल, तर आधी एक बोटभर कागद घ्यावा आणि त्यावर मुक्कामाचा पूर्ण पत्ता, इमारतीचे नाव, जवळचे रेल्वे स्थानक आणि आपल्या दोन माणसांचे फोन नंबर पेनाने लिहावेत. ही चिठ्ठी आणि शंभराच्या पाच-सहा नोटा पाकिटात न ठेवता कपड्यांच्या आतल्या खिशात वेगळ्या ठेवाव्यात. मागच्या खेपेस मी हे केले नव्हते. फोन बंद पडला त्या क्षणी टॅक्सीचे अ‍ॅप, यूपीआय, लोकलचे तिकीट आणि मावसबहिणीचा पत्ता हे सगळे एकदमच गेले, आणि ‘कांदिवली, निळ्या गेटची सोसायटी’ एवढ्या माहितीवर रात्री दोन वाजता कोणी कोणाला घरी पोहोचवत नाही. पॉवर बँक न्यावीच. पण चोरीला गेलेल्या फोनला तिचा काही उपयोग नसतो. चिठ्ठी लिहावी.

पादत्राणे चालता येईल अशी असावीत. वयाचा पुरावा असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे, कारण महाराष्ट्रात बिअर आणि वाइन यांसाठी २१ वर्षे आणि अन्य मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि दारावरच्या माणसाशी त्यावरून वाद घालून आजवर कोणाचे वय वाढलेले नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये मद्यपानासाठी परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना बारमध्येच अगदी किरकोळ रकमेत मिळतो, तो मागून घ्यावा. गांधी जयंती, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी किंवा मतदानापूर्वीचे ४८ तास यांपैकी काही आडवे येत नाही ना, हे आधी पाहावे. गाडी घेऊन जाऊ नये. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे, पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि मुंबईतली नाकाबंदी तुम्हाला वाटते त्याच्या नेमकी एक चौक अलीकडे असते.

संपूर्ण रात्रीसाठी एकच भाग ठरवावा. कुलाबा, काळा घोडा आणि मरीन ड्राइव्ह हा एक भाग झाला. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांतील पब हा दुसरा. वांद्रे, खार आणि जुहू हा तिसरा. नवखी मंडळी एका रात्रीत तिन्ही करायला जातात आणि निम्मी रात्र टॅक्सीत काढतात. शिवाय माहीम आणि शीव यांच्या पलीकडे शहराच्या बाजूला रिक्षा चालत नाही, ही गोष्ट मुंबईकर इतकी गृहीत धरतात की पाहुण्याला सांगायची राहूनच जाते. काळी-पिवळी टॅक्सी आणि रिक्षा यांना मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत मीटरवर पंचवीस टक्के अधिक भाडे असते. ते नियमाने असते, त्यावर भांडू नये. मीटर न टाकता भाडे सांगणाऱ्याशी मात्र भांडावे, किंवा पुढची गाडी पाहावी.

आता परतीचा प्रश्न, आणि हा नीट समजून घेण्यासारखा आहे. बार आणि परमिट रूम यांना रात्री दीडपर्यंत परवानगी असते. चर्चगेटहून शेवटची लोकल मात्र एकच्या सुमारास सुटते, मध्य मार्गावर कर्जत-कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या त्याच्याही आधी संपतात, मेट्रो तर त्याआधीच बंद होते, आणि पुढची लोकल पहाटे चारच्या आसपास. म्हणजे जो बार बंद होईपर्यंत बसतो त्याची गाडी चुकलेलीच असते. तेव्हा निघण्यापूर्वीच ठरवावे: शेवटची लोकल पकडायची असेल तर बाराला बिल मागवावे, कारण बिल येणे, ते वाटून घेण्यावरून चर्चा होणे आणि एका मित्राने ‘आलोच’ म्हणून अंतर्धान पावणे यांत पाऊण तास जातो, दीडपर्यंत बसायचे असेल तर टॅक्सीचे पैसे आधीच बाजूला काढावेत. शनिवार-रविवारी ब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद, आहे का तेही पाहावे. शेवटच्या गाडीची वेळ कुठे लिहावी? त्याच चिठ्ठीवर, इमारतीच्या नावाखाली.

आत शिरल्यावर दुसरा दरवाजा कुठे आहे, हे बसण्यापूर्वी पाहावे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्र उलटल्यावर लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबना आग लागली आणि चौदा माणसे गेली. त्यांतील अनेक जण स्वच्छतागृहात अडकून धुराने गुदमरले होते. बाहेर पडायची वाट एकच असेल, ती खुर्च्यांनी अडवलेली असेल, तर कितीही उत्तम संगीत चालू असले तरी तिथे थांबू नये. आपला पेला आपल्या नजरेसमोर असावा. नाचून परत आल्यावर तो तसाच दिसला तरी नवा मागवावा. अ‍ॅपवर नुकती ओळख झालेली व्यक्ती एका ठरावीक बारचाच आग्रह धरत असेल, तर सावध व्हावे; तिथे न मागवलेल्या महागड्या पेयांचे बिल आपल्या माथी मारले जाते, आणि अशा वेळी रक्कम भरण्याआधी पोलिसांना बोलावणारा ११२ लावलेला बरा. सेवाशुल्क परस्पर बिलात जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली सांगितलेले आहे. ते देणे न देणे आपल्या मर्जीवर आहे, म्हणून शांतपणे काढून घ्यायला सांगावे.

मग समुद्र. बारमधून निघालेल्या प्रत्येक टोळक्यात एक जण ‘चला, पाण्यात पाय बुडवू’ म्हणतो आणि त्याचे ऐकू नये. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते, त्यामुळे काल रात्री वांद्र्याच्या बँडस्टँडचे जे खडक कोरडे होते त्यांवर पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पाणी असते, आणि ते पाणी बहुधा मागच्या बाजूने शिरून परतीची वाट आधी बंद करते. पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते, त्या पाहाव्यात. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसावे, वारा खावा, चहावाल्याकडून चहा घ्यावा, पण खालच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवर, उतरू नये, कारण ते शेवाळलेले असतात आणि त्यांच्या फटीत पडलेला फोन परत मिळत नाही. अशा वेळी खिशात काय असायला हवे, ते आता पुन्हा सांगायला लावू नये. सोबतच्या प्रत्येकाच्या खिशात वेगळी चिठ्ठी हवी. पाच जणांत मिळून एक चिठ्ठी असली तर ती नेमकी अंतर्धान पावलेल्या मित्राकडे असते.

उरलेले थोडक्यात. महिलांनी रात्रीच्या लोकलमध्ये महिला डब्यातच बसावे, आणि त्यातही ज्या डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असेल तो निवडावा. मदतीचे फोन: रेल्वेसाठी १३९, महिलांसाठी शहर पोलिसांचा १०३. भुर्जी-पाव पिण्याआधी खावा, नंतर नव्हे. टॅक्सीचा क्रमांक घरी कळवावा. ज्याला जास्त झाली आहे त्याला एकट्याला गाडीत बसवून देऊ नये. कोणीतरी सोबत जावे, आणि कोणी जायचे ते आधीच ठरवावे. हिशोब सकाळी करावा.