ट्रॉलीमागे कोंडलेला गॅसचा कॉक मोकळा करताय? या चुका टाळा

नवं किचन झालं की सगळं चकाचक दिसतं, फक्त गॅसचा पिवळा पाइप डोळ्यांत खुपतो. मग सुतार त्यावर प्लायचा बॉक्स करतो, वरून लॅमिनेट चढतं आणि पाइपबरोबर त्याच्यावरचा गॅस बंद करायचा कॉकही आत कोंडला जातो. मुंबई-ठाण्यापासून पुणे-पिंपरीपर्यंत पाइप गॅसच्या घरांत हे सर्रास दिसतं. रोज शेगडीची बटणं बंद होतात, त्यामुळे त्या कॉकची आठवणही कुणाला होत नाही. पण रबरी नळीला चीर गेली तर बटणं बंद करून काहीच होत नाही, कारण गळती बटणाच्या अलीकडे असते. त्या क्षणी घरातल्या माणसाच्या हातात तो कॉकच असतो.

बॉक्स उघडून कॉक मोकळा करणं हे सुतारकाम आहे आणि ते करून घ्याच. मात्र पाइप, कॉक आणि मीटर खोलण्याचा, हलवण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा अधिकार गॅस कंपनीच्या माणसाचा; तुम्ही कॉक फक्त बंद-चालू करायचा. या दोन कामांची सरमिसळ झाली की पुढच्या चुका होतात.

कॉक कुठे आहे हे न पाहताच बॉक्स फोडणं

पाइप गॅसच्या घरात सहसा एक कॉक मीटरजवळ असतो आणि दुसरा शेगडीजवळ, जिथून रबरी नळी निघते. बऱ्याच घरांत यातला एकच ठाऊक असतो. मीटरजवळचा कॉक ड्राय बाल्कनीत उघडा असेल तर तुमचं निम्मं काम सोपं झालं. पण म्हणून शेगडीजवळचा कोंडलेलाच ठेवू नका. रात्री नळी सुटली तर अंधारात बाल्कनीपर्यंत धावण्यापेक्षा हाताजवळचा कॉक केव्हाही बरा.

मीटरपासून पाइप कुठून कसा जातो ते आधी बघा. फर्निचर होण्यापूर्वीचे फोटो मोबाइलमध्ये सापडले तर उत्तमच. नाहीतर ओट्याखालच्या ट्रॉल्या रुळांवरून उचलून बाहेर काढा आणि टॉर्चने मागे बघा. अंदाजाने ड्रिल मारून भोक पाडणं, हातोड्याने ठोकून पोकळ जागा शोधणं, हे गॅसच्या पाइपशेजारी कधीही करू नये. पटाशीसुद्धा पाइपपासून दूरच्या कडेनेच लावावी.

गॅस चालू ठेवून मशीन लावणं

जिगसॉ किंवा ग्राइंडर चालला की ठिणगी पडते, आणि हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल तर ते मिश्रण पेट घेतं. बंद बॉक्समध्ये बारीक गळती असली तर तिथे साचून हे प्रमाण गाठायला वेळ लागत नाही. म्हणून मीटरजवळचा कॉक बंद करा, शेगडी पेटवून पाइपमधला उरलेला गॅस जळून ज्योत विझू द्या, मग सगळी बटणं बंद करा. खिडक्या उघड्या ठेवा. पहिली फट पडताच थांबा आणि वास येतोय का ते बघा. वास आला तर काम तिथेच सोडायचं. दिवा, चिमणी, एक्झॉस्ट पंखा, कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. चालू आहे ते चालू राहू दे, बंद आहे ते बंद. घराबाहेर पडा आणि तिथून कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक बिलावर असतो. तो आजच भिंतीवर लिहून ठेवा.

दोन्ही कॉक कोंडलेले असतील तर? मग सुताराच्या आधी कंपनीला बोलवा. इमारतीच्या उभ्या पाइपवर व्हॉल्व्ह असतो, पण तो स्वतः किंवा सोसायटीच्या प्लंबरकडून बंद करवून घेऊ नका. त्यावर इतर घरंही असतात. कुणाच्या शेगडीवर दूध तापत असेल, ज्योत विझेल, बटण तसंच चालू राहील आणि गॅस परत सोडला की तो न जळता त्यांच्या घरात पसरेल. अनेक शेगड्यांना ज्योत विझल्यावर गॅस आपोआप तोडणारी सोय नसते.

हात जातो, पण दांडी फिरत नाही

ही चूक चांगले सुतारही करतात. कॉक दिसेल एवढं गोल भोक पाडतात, त्यावर झाकण बसवतात आणि काम झालं म्हणतात. आजचे बहुतेक कॉक पाव फेऱ्याचे असतात: दांडी पाइपच्या रेषेत म्हणजे चालू, पाइपला आडवी म्हणजे बंद. ती दांडी मुठीत धरून शेवटपर्यंत फिरली पाहिजे. साधारण फूटभर लांब-रुंद उघडी जागा असली तर घरातल्या आजीलाही ते जमतं. कापण्याआधी दांडी कुठून कुठे फिरते ते पेन्सिलीने प्लायवर आखून घ्या. काही ठिकाणी बॉक्स बसावा म्हणून दांडीच काढून टाकलेली सापडते. तिथे पाना लावून काम चालवू नका, कंपनीकडून दांडी बसवून घ्या.

झाकणाला स्क्रू नकोत, कुलूप तर नकोच. बिजागरीचं दार आणि मॅग्नेट, एवढंच पुरेसं. त्यामागची जागा रिकामी दिसते म्हणून तिथे डब्यांची रांग लागते, तीही लावू देऊ नका.

जाळी खाली बसवणं

याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण इथे जुनी सवय नडते. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या ट्रॉलीला खालच्या बाजूला भोकं ठेवायची, हे सुतारांच्या हाताला पक्कं बसलेलं आहे आणि सिलिंडरसाठी ते बरोबरच आहे. पाइपमधून येतो तो नैसर्गिक वायू. तो प्रामुख्याने मिथेन, हवेपेक्षा हलका. तो वर जातो आणि बॉक्सच्या छतापाशी साचतो. खालच्या जाळीतून त्याला बाहेर पडता येत नाही.

त्यामुळे पाइप गॅसच्या बॉक्सला वरच्या कडेलगत जाळी हवी, आणि हवा खेळती राहावी म्हणून खालीही एक. वरची जाळी अगदी टोकाला असू द्या. चार बोटं खाली बसवली तर वरच्या चार बोटांत गॅस अडकणारच. लूव्हरचं, म्हणजे तिरप्या पट्ट्यांचं शटर लावलं तर दोन्ही प्रश्न मिटतात, दिसायलाही बरं. जाळीतून आलेला गॅस खोलीत आणि खिडकीवाटे बाहेर जायला हवा. तो चिमणीच्या डक्टच्या बॉक्समध्ये किंवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत शिरत असेल तर धोका फक्त जागा बदलतो. त्याच बॉक्समध्ये वॉटर प्युरिफायरचा प्लग किंवा चिमणीचा सॉकेट असेल तर इलेक्ट्रिशियनकडून तो बाहेर काढून घ्या.

जाम झालेल्या कॉकशी झटापट

वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक घट्ट होतो. हाताच्या जोराने फिरला नाही तर पक्कड, पाना, तेलाचा स्प्रे यांपैकी काहीही नको. जोर लावला की आतलं सील जातं किंवा पाइपचा आटा ढिला होतो, आणि जी गळती नव्हती ती सुरू होते. कंपनी कॉक बदलून देते, त्यासाठी तक्रार नोंदवा.

कॉक फिरला तरी तपासा. शेगडीचा एक बर्नर पेटवा आणि कॉक बंद करा. नळीतला थोडा गॅस संपला की ज्योत विझायला हवी. ती जळतच राहिली तर कॉक गॅस पूर्ण अडवत नाही, किंवा तुम्ही भलताच कॉक फिरवलाय. तपासणी झाली की बर्नरचं बटण बंद करा, मगच कॉक उघडा. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहता येतं. काडी पेटवून कधीच पाहू नये.

सुताराचं काम आटोपल्यावर कंपनीचा तंत्रज्ञ बोलावून एकदा गळती तपासून घ्या आणि रबरी नळीवर छापलेली तारीखही बघायला सांगा. दारावर आतून-बाहेरून ‘गॅस बंद’ असं ठळक लिहून दांडी कुठल्या दिशेला फिरवायची त्याचा बाण काढा. मग घरातल्या प्रत्येकाकडून, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींकडूनही, तो कॉक स्वतःच्या हाताने एकदा बंद-चालू करून घ्या. घर भाड्याने देत असाल तर चाव्या देतानाच भाडेकरूला हे दार उघडून दाखवा.