फोनची बॅटरी घरी बदलायची झाली तर

"टॉर्चमधले सेल मी बदलते की. मग ह्या फोनातला का बदलता येत नाही रे बाळा?" जांबोटीकडच्या एका मावशींनी भर पावसात टेबलासमोर उभं राहून विचारलं होतं. मी गप्पच बसलो. कारण त्यांचं बरोबर होतं.

खानापुरात माझं फोन दुरुस्तीचं दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग आणि डोक्यावर पत्रा. २००६ पासून बसतो. तेव्हा नोकियाच्या फोनांची बीएल-५सी बॅटरी खपायची. नखाने झाकण काढायचं, जुनी बाहेर, नवी आत, गिऱ्हाईक सुटे पैसे मोजेपर्यंत काम झालेलं. २००७ मध्ये नोकियाने जगभरातल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी जास्त तापू शकतात म्हणून बदलून द्यायचं जाहीर केलं. लोकांनी झाकण काढून बॅटरीवरचा नंबर ताडून पाहिला. फोन हातातच राहिला. आजच्या चिकटवलेल्या फोनात असं झालं, तर नंबर बघायलाही माझ्यासारख्याकडे यावं लागेल. आता माझं पोट त्या गोंदावरच आहे, हेही सांगून टाकतो. तरी माझं मत मावशींच्या बाजूने.

असो, कामाचं बघू.

आधी बॅटरीच गेलीय का, हे ठरवा. दुसरी केबल, दुसरा चार्जर लावून बघा. मग चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारा. वीटभट्टीवरच्या पोरांच्या फोनात लाल माती ठासलेली असते, आणि निपाणीत वखारीत काम करणाऱ्या माझ्या मेहुण्याच्या फोनातून मी चिमूटभर तंबाखू काढलीय. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कोरा. सुई नको. एवढं करूनही ३० टक्क्यांवरून फोन एकदम मरत असेल, तर बॅटरी गेली समजा. आयफोनात सेटिंगमध्येच बॅटरी हेल्थ दिसतं. ते ८० टक्क्यांखाली आलं, की बदलायचा विचार करायचा.

फोनचं मागचं झाकण उचललंय किंवा स्क्रीन एका बाजूने वर आलाय? मग बॅटरी फुगलीय. चार्जिंग तिथल्या तिथे थांबवा, फोन बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका आणि पुढचं काही घरी करू नका.

नवी घेताना फोनचं नाव सांगून भागत नाही. जुन्या बॅटरीवरचा मॉडेल नंबर जुळला पाहिजे, आणि तिथेच छापलेला चार्जिंगचा कमाल व्होल्टसुद्धा, म्हणजे ४.२, ४.३५ किंवा ४.४, जो असेल तो. आकार तोच आणि एमएएच, म्हणजे बॅटरीची क्षमता, दीडपट लिहिलीय, तर ते लिहिणाऱ्याचं धाडस समजा. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि त्याखाली 'आर'ने सुरू होणारा नंबर बघा. तयार झाल्याची तारीखही बघा, कारण लिथियमची बॅटरी डब्यात पडून पडूनही म्हातारी होते.

आता उघडणं. चार्ज २५ टक्क्यांच्या खाली येऊ द्या. मग फोन बंद करून सिम काढा. झाकणाच्या कडेने ड्रायर फिरवा. तव्यावरून उतरवलेली भाकरी जरा निवली की हाताला लागते, तेवढं गरम पुरे. फटीत प्लास्टिकचं पातळ कार्ड घालून हळू सरकवा. काही फोनात झाकणाला बोटाच्या ठशाची पट्टी जोडलेली असते, म्हणून झाकण ओढू नका, पुस्तकासारखं उघडा. ज्या फोनात आधी स्क्रीन काढावा लागतो, त्याच्या नादी लागू नका. कागदावर फोनचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू जिथला तिथे ठेवा. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला की तो थेट बोर्डात घुसतो. आणि बाकी कशालाही हात लावण्याआधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा.

खरी कसोटी बॅटरी सोडवताना. ओढायची पट्टी असेल तर नशीब. नसेल तर कडेने आयपीएचे, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचे, दोन-चार थेंब सोडा, दोन मिनिटं थांबा, आणि नायलॉनचा दोरा खालून करवतीसारखा मागे-पुढे ओढा. स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटायचं नाही. आत पातळ थर गुंडाळलेले असतात. बॅटरी वाकली, की मधला पडदा फाटतो, दोन थर एकमेकांना भिडतात आणि पेट घेते. शेजारी कोरड्या वाळूची बादली असू द्या, आणि हे काम गादीवर बसून करू नका.

युरोपीय संघाचा बॅटरीचा कायदा मला याच जागी आवडला. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकायच्या उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी काढता आली पाहिजे, उष्णता आणि द्रावण न वापरता. म्हणजे माझा ड्रायर आणि माझी आयपीएची बाटली, दोन्ही बाद! पळवाट आहेच: १००० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के क्षमता टिकवणाऱ्या आणि पाण्यात तग धरणाऱ्या फोनांना त्यातून सूट मिळते. आमच्याकडचा पाऊस बघता पाण्याचं कारण मी हसण्यावारी नेणार नाही. पण २०१४ च्या गॅलेक्सी एस-५ चं झाकण नखाने निघायचं आणि तरी तो आयपी-६७ होता, म्हणजे धूळ आत न जाणारा आणि थोडा वेळ पाण्यात टिकणारा. तुमचा फोन मात्र एकदा उघडलात, की झाकणाला नवी गोंदाची पट्टी लावूनही तो पाण्यात टिकेल असं धरू नका.

नवी बॅटरी आधी फक्त जोडा. फोन सुरू होतो का, चार्ज घेतो का, ते बघून पुन्हा बंद करा, मगच चिकटवा.

जुनी घंटागाडीत टाकू नका. आपल्याकडच्या २०२२ च्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांनी ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय. कनेक्टरवर चिकटपट्टी लावून सर्व्हिस सेंटरला द्या. फुगलेली असेल, तर तोवर वाळूच्या डब्यात, घराबाहेर, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. माझ्या दुकानामागे तसा एक पत्र्याचा डबा आहे. मावशींची बॅटरीही आधी त्यातच गेली होती.