नेऊ कुठे? कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला विचारलेला प्रश्न

“सिस्टर, सगळ्यात चांगलं हॉस्पिटल कुठलं?” रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी रात्री-अपरात्री फोन येतात आणि सुरुवात ह्याच प्रश्नाने होते. मी उलट विचारते, “झालंय काय?” बावीस वर्षं कॅज्युअल्टीच्या टेबलावर काढली. चांगलं-वाईट नंतर बघू. ह्या माणसाला आत्ता काय लागणार आहे आणि ते ह्या घटकेला कुठे तयार आहे, हे आधी.

लकव्याचंच घ्या. तोंड एका बाजूला ओढलंय, एक हात उचलत नाही, जीभ जड झालीय. मेंदूत गुठळी अडकलीय की रक्तस्राव झालाय, हे नुसतं तपासून भल्याभल्या डॉक्टरांना खात्रीने सांगता येत नाही. सीटी स्कॅन लागतो. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. म्हणजे जिथे रात्री स्कॅन होत नाही, तिथे लकव्याचा पेशंट नेणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. आधी घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे सलाईन लावलं, ‘थोडं बघू’ म्हणाले, त्यात दोन तास गेले. मग दुसरीकडे नेलं, तर तिथलं मशीन बंद. आमच्या दारात पोचेपर्यंत साडेपाच तास उलटले होते. मुलगा बिचारा एक मिनिट स्वस्थ बसला नव्हता. निघण्याआधी दोन प्रश्न फोनवर विचारायला हवे होते: “सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का? लकव्याचं इंजेक्शन देता का?” हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि हो, आम्ही वेळ विचारतो ती तुमच्या लक्षात कधी आलं त्याची नाही. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला त्याची. सकाळी उठवायला गेल्यावर कळलं, तर आदल्या रात्रीची वेळ सांगायची. उशीर झाला म्हणून घरीही बसू नका. काही पेशंटची गुठळी २४ तासांपर्यंत रक्तवाहिनीतून तार घालून काढता येते.

छातीचं दुखणं थोडं वेगळं. तिथे पहिली गरज ईसीजीची, आणि तो दारात पाऊल ठेवल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा. ॲन्जिओप्लास्टी रात्रीही करणारं ठिकाण हाताशी असेल तर थेट तिकडे. ते दोन तासांहून लांब असेल, तर जवळ जिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळेल तिथे आधी ते घ्या, मग पुढे जा. रुग्णवाहिका मिळत असेल तर तिनेच जा. सुसज्ज रुग्णवाहिकेत शॉक द्यायचं यंत्र असतं, तुमच्या गाडीत नसतं. आणि पेशंटला स्टिअरिंगवर बसू देऊ नका. स्वतः गाडी चालवत आलेले हार्ट अटॅक मी पाहिलेत, म्हणून सांगते.

माझीच फजिती सांगते. सासूबाईंना डायबिटीस. एका संध्याकाळी त्यांना दरदरून घाम आला, मळमळायला लागलं, दम लागला. छातीत मात्र काही नाही. मी, कॅज्युअल्टीची सिस्टर, म्हटलं, ‘ॲसिडिटी असेल.’ दुसऱ्यांच्या सासूला मी क्षणात आत घेतलं असतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. डायबिटीसवाल्यांना, म्हाताऱ्यांना आणि बऱ्याच बायकांना अटॅक असाही येतो.

काही गोष्टींत लोक हमखास चुकतात. मुलाने बटणासारखी बॅटरी गिळली तर ‘पडेल शौचातून’ म्हणून थांबायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर २ तासांत ती नळी आतून भाजते. दुर्बीण घालून ती काढणारं हॉस्पिटल गाठा. वयात येणाऱ्या मुलाला अचानक वृषणात कळ आली तर तो लाजेने पोट दुखतंय म्हणतो. पीळ पडला असेल तर ६ तासांच्या आत ऑपरेशन झालेलं बरं, म्हणजे सर्जन आणि ऑपरेशन थिएटर तयार असलेली जागा हवी. पडून पक्का दात निघाला तर तो दुधात टाकून, मुळाला हात न लावता, दाताच्या डॉक्टरकडे पळायचं, आमच्याकडे नाही. डोळ्यात ॲसिड गेलं तर कुठेही निघण्याआधी नळाखाली डोळा धुवा, भरपूर वेळ. कुत्रा चावला तरी आधी जखम साबणाने १५ मिनिटं धुवा, मग फोनवर रेबीजची लस आणि सीरम (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दोन्ही आहेत का विचारा. नुसती लस बऱ्याच ठिकाणी सापडते, सीरम नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस झाला, तर सकाळची वाट बघू नका.

बाकी सर्दी-खोकला, मोठ्या माणसाचा दोन दिवसांचा साधा ताप, जुनी कंबरदुखी घेऊन रात्री कॅज्युअल्टीत कशाला येता? तिथे नंबर आल्या क्रमाने लागत नाही, गंभीरपणाने लागतो. “तो माझ्यानंतर आला, आधी कसा गेला?” ह्या भांडणात माझी अर्धी नोकरी गेली. शिवाय तिथला डॉक्टर तुम्हाला आज पहिल्यांदा बघतोय. फॅमिली डॉक्टरला तुमचे मागच्या वर्षीचे रिपोर्ट आठवतात. फक्त कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच रात्री या.

ठरवून करायच्या ऑपरेशनला निवडायला सवड असते, तेव्हा लोक लॉबी बघतात. मी विचारते: हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? रात्री पेशंटजवळ कोण असतं? गुंतागुंत झाली तर आयसीयू इथेच की दुसरीकडे हलवणार? अवघड ऑपरेशनं जास्त संख्येने होतात तिथे मृत्यू कमी होतात, हे १९७९ पासून अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. साध्या हर्नियासाठी लांब जायचं कारण नाही. अन्ननलिकेच्या किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी मात्र जा.

कुठेही निघालात तरी घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत टाकून आणा. ‘पांढरी, बारीक, सकाळी एक’ एवढं सांगून गोळी ओळखता येत नाही. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आत शिरताशिरताच सांगा, केसपेपर होईपर्यंत थांबू नका.