लहान बाळाचा झटपट एमआरआय: या चुका टाळा

जत, आटपाडीकडून पहाटे निघून लोक बाळाला मिरजेला एमआरआयसाठी आणतात, आणि तपासणी न होताच परत जातात. मशीन ठीक असतं, घोळ घरीच झालेला असतो.

डोक्याच्या नेहमीच्या एमआरआयला अर्धा-पाऊण तास लागतो. झटपट पद्धतीत एकेक चित्र साधारण सेकंदाभरात निघतं. त्यामुळे बाळ मध्येच हललं तरी तेवढंच चित्र बिघडतं आणि काम काही मिनिटांत, बहुतेकदा भुलीशिवाय उरकतं.

सगळ्यात मोठी चूक दुधाची. भूल द्यायची नसेल, तर तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळाला तपासणीच्या अगदी आधी पोटभर पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं आणि झोपलं की आत न्यायचं. म्हणजे मधल्या वेळेत त्याला भूक लागू द्यायची. घरीच पाजून निघालात, तर इथे ते पीतही नाही, झोपतही नाही. भूल असेल तर नेमकं उलटं: अंगावरचं दूध साधारण 4 तास आणि वरचं दूध किंवा खाणं 6 तास आधी बंद. नक्की वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच धरा. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, ‘भूल आहे का?’ आणि रडतंय म्हणून कुणी चमचाभर दूध पाजलं असेल, तर कृपा करून लपवू नका. भुलीत उलटी होऊन दूध फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. तारीख पुढे गेली तरी चालेल.

गाडीत बाळ झोपलं की आपल्याला बरं वाटतं, पण मग ते नेमकं दारात टक्क जागं होतं. भूल नसेल तर मिरज येईपर्यंत त्याला खेळवत आणा.

करदोटा, वाळे, ताईत, टिचबटणांचं झबलं, सेफ्टी पिन सगळं घरीच काढा. आजी नाराज होतील, त्यांना आदल्या रात्रीच समजवा. बाळासोबत आत जाणाऱ्यांनीही मंगळसूत्र, केसांच्या पिना, मोबाईल बाहेर ठेवायचा. मशीनचं चुंबक कायम चालू असतं.

डोक्यात पाणी साठतं म्हणून शंट (ते पाणी वाहून नेणारी नळी) बसवला असेल, तर त्याचं कार्ड आणाच. काही शंटच्या झडपेचं सेटिंग चुंबकाने बदलतं, ते नंतर तपासून घ्यावं लागतं.

‘सीटी तर सेकंदात होतो, तोच करा’ असा हट्टही नको. त्यात किरणोत्सर्ग असतो आणि शंटसाठी तो पुन्हापुन्हा करावा लागला तर मात्रा वाढत जाते. मात्र डोक्याला जबर मार लागला असेल आणि डॉक्टर सीटी सांगत असतील, तर वेळ घालवू नका. टाळू भरलेली नसेल, तर कधीकधी तिच्यावरून केलेली सोनोग्राफीच पुरते.

आणि फिट्स येणाऱ्या मुलासाठी झटपट एमआरआय मागू नका. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या त्यात छान दिसतात, पण मेंदूतले बारीक दोष निसटू शकतात. तिथे पूर्ण तपासणीच हवी, भूल द्यावी लागली तरी.