माधवीलता लावायची आहे? छाटणीची कात्री ऑक्टोबरात आत ठेवा

नर्सरीत ‘मधुमालती द्या’ म्हटलं, की बहुतेक वेळा हातात पडते ती संध्याकाळी पांढरी उमलणारी, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि तिसऱ्या दिवशी लाल होणारी वेल. फुलं देखणीच, पण लांब नळीची. ती रात्रीच्या पतंगांसाठी. मधमाशीची जीभ तळापर्यंत पोचत नाही. शिवाय ही वेल आपल्या सह्याद्रीतली नव्हे.

आपल्याला हवी माधवीलता, म्हणजे हळदवेल. हिलाही मधुमालती म्हणतात, म्हणून हा घोळ. पाच पाकळ्या, कडा झालरीसारख्या कातरलेल्या, त्यातल्या एकीवर पिवळा डाग. बीला तीन पंख. उंचावरून सोडलं तर भिंगरीसारखं गरगरत खाली येतं. नर्सरीवाल्याला नाव सांगू नका, फोटो दाखवा. कुणाच्या अंगणात जुनी वेल असेल तर पावसाळ्यात गुटी बांधून घ्या, म्हणजे वेलीवरच्याच फांदीची साल काढून तिथे ओलं शेवाळ गुंडाळून मुळं फुटवून घ्या. बियांपासूनही रोप होतं, पण बी ताजं हवं आणि फुलांसाठी काही वर्षं थांबायची तयारी हवी.

नाशिककरांनी हीच का लावावी? ती साधारण जानेवारी ते मार्च फुलते. तेव्हा पांडवलेणीच्या डोंगरावरचं गवत वाळलेलं असतं आणि द्राक्षबागांचा फुलोरा केव्हाच संपलेला. अशा दिवसांत एका वेलीवर काळे भुंगे आणि आग्या माश्या सकाळपासून गुणगुणत असतात.

मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की लावा. खड्डा दोन फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. आपल्याकडच्या काळ्या मातीत इथेच घात होतो. माझी पहिली वेल मी लाडानं मारली: खड्ड्यात नुसती काळी माती, वर रोज बादलीभर पाणी. श्रावण संपायच्या आत मुळं कुजली. म्हणून तळाला मुरूम टाका, वर माती, मुरूम आणि कुजलेलं शेणखत एकत्र करून भरा आणि बुंध्याशी माती थोडी उंच ठेवा. जागा भर उन्हाची निवडा.

पहिले दोन उन्हाळे तिला सांभाळायचं. बुंध्यापासून हातभर अंतरावर, बुडाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि रिकामं झालं की भरा. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा. तिसऱ्या वर्षापासून हात आखडता घ्या. मुळं खोल गेलेली वेल पावसावर निभावते, फार तर एप्रिल-मे महिन्यात एखादं पाणी. गच्चीवरच्या ड्रममध्ये लावलीत तर मात्र हे विसरा, तिथे पाणी कायमच द्यावं लागेल.

आधार दणकट हवा, कारण खोड लाकडासारखं जाडजूड होतं. मोडलेल्या द्राक्षबागेचे लोखंडी अँगल आणि तारा भंगारात मिळाल्या तर त्याहून चांगला मांडव नाही. आंब्याच्या झाडावर चढवू नका, झाड गुदमरतं. मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर परकी म्हणून गेलेल्या याच वेलीनं तिथली जंगलं झाकोळून टाकली, इतकी ती चिवट.

आता छाटणी. द्राक्षवाल्यांचा हात ऑक्टोबरात गोडी छाटणीसाठी, म्हणजे घड धरण्यासाठीच्या छाटणीसाठी, शिवशिवतो. ती सवय इथे नको. ज्या फांद्यांवर फुलं येणार, त्याच कापल्या जातील. फुलं सरली की एप्रिलमध्ये, द्राक्षबागेतल्या खरड छाटणीच्या (द्राक्षं उतरल्यावरच्या खोल छाटणीच्या) सुमारास, वाळलेल्या आणि वेड्यावाकड्या फांद्या काढा. द्राक्षाइतकी खरडायची नाही.

फुलोऱ्यात कीटकनाशक अजिबात नको. शेजारी बाग असेल तर फवारणी संध्याकाळी उशिरा करायची विनंती करून पाहा.

आणि मांडवाला एक-दोन वाळके बांबू बांधून ठेवा. भुंगे त्यात गोल भोक पाडून घर करतात. खाली पिवळसर भुसा पडलेला दिसला तर वाळवी समजून औषध टाकायला धावू नका.