नवख्या ग्राहकासमोर नाणे मांडण्यापूर्वी

गेल्या दिवाळीत मी परभणीतल्या एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला निजामाचा चारमिनारवाला चांदीचा रुपया विकला. वजन सांगितले, वर्ष सांगितले, दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले, पण कडा दाखवली नाही. तो रुपया पूर्वी कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेत होता. वरची कडी काढून डाख कानशीने घासलेला होता आणि तेवढ्या भागात कडा सपाट झाली होती. आठवड्याने मुलगा दारात उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, “काका, तुम्हाला हे माहीत होतं ना?” माहीत होते, लिहायचे राहिले होते. पैसे परत केले आणि ही यादी लिहून काढली.

काटा, पट्टी आणि खिडकीजवळचा उजेड या गोष्टी सांगायला नकोत. काटा मात्र ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा असावा, कारण नवख्याला नाण्याची ओळख प्रथम वजनावरून पटवता येते. चारमिनारचा रुपया ११.१८ ग्रॅमचा असून त्यात चांदी ८१.८ टक्के असते, तर इंग्रजी कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा असतो. आपल्याकडे ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द घरातल्या म्हाताऱ्यांकडून सगळ्यांनी ऐकलेले असतात, पण सात हाली, म्हणजे निजामाचे रुपये, बरोबर सहा कलदार हा हिशेब कुणाला ठाऊक नसतो. तो एका वाक्यात द्यावा. १९४० पासून कलदारातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे, त्यामुळे ‘इंग्रजांच्या काळातला, म्हणजे चांदीचाच’ असे तोंडातून जाऊ देऊ नये.

आकडे समजावून सांगताना घाई करू नये. चारमिनारच्या बाजूला हिजरी वर्ष असते आणि तिथेच ९२ हा आकडाही असतो. नवखा त्यालाच वर्ष समजतो, प्रत्यक्षात तो अब्जद मोजणीने, म्हणजे अरबी अक्षरांना ठरलेले आकडे देऊन त्यांची बेरीज करण्याच्या पद्धतीने, ‘मुहम्मद’ या नावाचा आकडा आहे. मागच्या बाजूला निजामाच्या कारकिर्दीचे वर्ष निराळे असते. म्हणून ‘हिजरी १३३७, म्हणजे १९१८-१९’ असे दोन्ही सनांत लिहावे. चारमिनारच्या कमानीतले अक्षर भिंगातून दाखवावे: ‘ऐन’ असल्यास निजाम उस्मान अली खान, ‘मीम’ असल्यास निजाम महबूब अली खान. मागे ‘फरखुंदा बुनियाद’ लिहिलेले असते, ते हैदराबाद. ‘खुजिस्ता बुनियाद’ म्हणजे आपले औरंगाबाद, आणि ते मोगल रुपयांवर असते. दोन्हींतला ‘बुनियाद’ तेवढा वाचून हैदराबादचा रुपया औरंगाबादकराला त्याच्या गावचा म्हणून विकणारे मी पाहिले आहेत.

आता कडा. फोटो दोन नव्हे, तीन असावेत, आणि तिसरा कडेचा. नाणे बोटांत उभे धरून पूर्ण गोल फिरवावे, शंका असेल तिथे थांबून जवळून फोटो घ्यावा. डाखाचा करडा डाग, कानशीचे आडवे ओरखडे, बुजवलेले भोक, यांपैकी जे दिसेल ते वर्णनाच्या पहिल्याच ओळीत, किमतीच्याही आधी लिहावे. आपल्या भागात रुपये माळेत ओवण्याची चाल मोठी होती. म्हणून प्रत्येक जुन्या रुपयाकडे तो माळेतूनच आला आहे अशा संशयाने पाहावे. कडा पाहिली नसेल, तर नाणे विक्रीला काढूच नये.

नाणे धुऊ नये. चिंचेने घासलेले किंवा सराफाकडून उजाळा दिलेले असेल, तर ‘चकचकीत’ न म्हणता ‘घासलेले’ म्हणावे. झीज सांगताना ‘उत्तम अवस्था’ असे मोघम शब्द नकोत. ‘मिनारांची टोके झिजली आहेत, अक्षरे पूर्ण वाचता येतात’ असे लिहावे. ‘दुर्मीळ’ हा शब्द तर टाळावाच.

बाकीचे थोडक्यात. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार परदेशी पाठवता येत नाही. पैठण किंवा तेरसारख्या प्राचीन गावच्या शेतात सापडलेले नाणे कुणी आणून दिले, तर घेऊ नये. गुप्तधनाचा १८७८ चा कायदा आजही लागू आहे. परतीची मुदत लेखी द्यावी. पाकीट प्लास्टिकचे चालते, पण पीव्हीसीचे नको, चांदीवर हिरवट चिकटा धरतो. आणि पार्सलला चिकटपट्टी लावण्याआधी कडेचा फोटो खरोखर गेला का, हे मोबाइल उघडून पाहावे.