वारशात आलेलं मेनफ्रेम नेटवर्क कसं तपासायचं

आधीचा माणूस रिटायर झालाय, डॉक्युमेंट जुनंपुराणं, आणि कोणाचं तरी कनेक्शन लागत नाहीये. अशा वेळी लगेच प्रोफाइल (नेटवर्कच्या सेटिंगची फाइल) उघडून एडिट करायला बसू नका प्लीज. झेड ओएसवर, म्हणजे आयबीएम मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, फाइलमध्ये लिहिलंय तेच मशीनमध्ये चालू असेल असं अजिबात धरून चालू नका, कारण ओबेफाइल (चालू सिस्टीमला नवी सेटिंग देणारी) कमांडने कोणीतरी कधीतरी केलेला बदल फक्त चालू स्टॅकमध्ये (टीसीपी/आयपी नेटवर्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असतो, मेन प्रोफाइलमध्ये टाकला नसेल तर पुढच्या आयपीएलला (सिस्टीम नव्याने सुरू करताना) गायब. "आयपीएलनंतर बंद पडलं" असं कानावर आलं की माझा पहिला संशय हाच असतो.

म्हणून आधी कन्सोलवरून 'डी टीसीपीआयपी,,नेटस्टॅट' चालवा, होम (आपले आयपी ॲड्रेस), डेव्हलिंक्स (नेटवर्क इंटरफेस), राउट (मार्ग) आणि कॉन (चालू कनेक्शन) अशा चारही रिपोर्टचं आउटपुट सेव्ह करून ठेवा. एकापेक्षा जास्त स्टॅक असतील तर दोन कॉमांच्या मध्ये स्टॅकचं नाव द्यावं लागतं, नुसतं 'डी टीसीपीआयपी' दिलं की कोणते स्टॅक आहेत ते दिसतं.

मग खरं प्रोफाइल कोणतं ते शोधा. टीसीपी/आयपीच्या स्टार्टेड टास्कच्या जेसीएलमध्ये (तो सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) प्रोफाइल नावाचं डीडी (फाइल जोडणारी ओळ) असेल तर तेच, नसेल तर सिस्टीम ठराविक नावांचे डेटासेट (मेनफ्रेमवरच्या फाइल) क्रमाने शोधते, आणि इथेच लोक दिवसभर भलत्याच मेंबरमध्ये (डेटासेटच्या आतल्या फाइलमध्ये) बदल करत बसतात. आत इन्क्लूड (दुसरी फाइल ओढून घेणाऱ्या ओळी) असतील तर तेही एकेक उघडून बघा.

ओएसए कार्ड (मेनफ्रेमचं नेटवर्क कार्ड) वर येत नसेल तर व्हीटॅमकडे (मेनफ्रेमचं दुसरं नेटवर्क सॉफ्टवेअर) वळा. 'डी नेट,टीआरएल' ने टीआरएलई (व्हीटॅममधली त्या कार्डाची नोंद) ॲक्टिव्ह आहे का बघा, त्यातलं पोर्टनेम आणि टीसीपी प्रोफाइलमधलं नाव एकच हवं, आणि रीडचा डिव्हाइस नंबर सम, राइटचा त्याच्या लगेच पुढचा विषम. हे जुळत नसेल तर बाकी काही तपासण्यात अर्थ नाही.

लॉगऑन होतंय, छोटा पिंग जातोय, पण एफटीपी किंवा मोठी स्क्रीन अडकते? एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) बघा. मोठ्या लेंग्थचा पिंग देऊन बघितलं की लगेच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओबेफाइलने एक राउट ॲड करायचाय म्हणून बिगिनराउट्समध्ये (प्रोफाइलमधली स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेल्या, राउटची यादी) फक्त ती एकच ओळ लिहिली तर आधीचे सगळे स्टॅटिक राउट उडतात, कारण नवी यादी जुनीची जागा घेते. होमचंही तसंच. त्यामुळे पूर्ण यादी लिहा, नव्या व्हर्जनवर असाल तर आधी सिंटॅक्सचेक (लिहिण्यातल्या चुका दाखवणारी कमांड) चालवा, आणि बदल चालला की त्याच दिवशी मेन प्रोफाइलमध्ये उतरवा, तारीख आणि कारण कॉमेंटमध्ये टाकून.